सूप विणणारी आजी चित्रात कधी येणार?



गेल्या सीझनच्या आधीची गोष्ट. मालवण किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टवाल्याने कंपाउंडच्या लांबलचक भिंतीवर ‘अस्सल कोकण’ रंगवून घ्यायचं ठरवलं. काम आमच्यातल्याच एका पोराला मिळालं. बौद्धवाडीतला पोरगा, दुकानांचे बोर्ड रंगवून हात बसलेला. त्याने माड काढले, होडी काढली, रापण ओढणारी माणसं काढली, कौलारू घर आणि अंगणातली तुळस काढली. शेवटी तीन-चार हात जागा उरली, तिथे त्याने आपली आजी काढली. पडवीत बसलेली, शेजारी कोयता, पुढ्यात बांबूच्या कांबट्या, मांडीवर अर्धं विणलेलं सूप. मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचा छोटा फोटो.

मालक आला, बघून खूश झाला. म्हणाला, सगळं मस्त झालंय, ती म्हातारी तेवढी पुसून टाक. पोराला वाटलं फोटोवर आक्षेप असेल. त्याने विचारलं, फोटो पुसू का? मालक म्हणाला, फोटोचं नाही रे, म्हातारीच नको, पर्यटकांना असलं काय दाखवायचं, तिथे एक बैलगाडी काढ.

पैसे हातात यायचे होते. पोराने बैलगाडी काढली. आज ती भिंत तशीच आहे आणि लोक तिच्यापुढे उभं राहून सेल्फी काढतात.

आम्ही ती भिंत बघायला गेलो होतो. मालकाने शिवी दिली नाही, जात काढली नाही, चहासुद्धा पाजला. आणि त्याच रिसॉर्टच्या जेवणाच्या खोलीत आम्हाला काय दिसलं? भिंतीवर शोभेला टांगलेली सुपं, रोवळ्या आणि एक इरलं. म्हणजे सूप चालतं. सूप विणणारी चालत नाही. आमचा आजचा सगळा वाद या एका वाक्याशी आहे.

वेंगुर्ल्याची वखार आणि तिकडची मोलकरीण

आपल्या जिल्ह्यात वेंगुर्ल्याला डच वखारीची जुनी, मोडकळीला आलेली वास्तू आहे. शाळेच्या सहलीत ती आपण पाहिलेली असते. १६३७ साली, विजापूरच्या आदिलशाहीच्या काळात, डच ईस्ट इंडिया कंपनीने वेंगुर्ल्यात आपलं ठाणं उभं केलं. गोव्यातल्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला आणि व्यापाराला ही जागा सोयीची होती. मार्गदर्शक आपल्याला एवढं सांगतो आणि बस सुटते.

पण वखार गजबजलेली होती त्याच काळात या डचांच्या देशात चित्रकार काय करत होते, हे आपल्याला कोणी सांगत नाही. डेल्फ्ट नावाच्या गावात योहानेस व्हर्मीर नावाचा चित्रकार होता. १६६० च्या आसपास त्याने एक छोटं चित्र काढलं. स्वयंपाकघरात एक मोलकरीण उभी आहे आणि मडक्यातलं दूध भांड्यात ओतते आहे. बस्स. चित्रात देव नाही, राजा नाही, लढाई नाही. टेबलावर पाव आहे, भिंतीवर टोपली आणि पितळी भांडं टांगलेलं आहे. भिंतीचा गिलावा खराब झालाय, त्यात खिळा आणि खिळ्यांची भोकंसुद्धा चित्रकाराने सोडलेली नाहीत. तिचे दंड कामाने भरलेले आहेत आणि लक्ष सगळं दुधाच्या धारेवर आहे. तिच्या कमरेच्या कापडाचा निळा रंग लाजवर्दी दगड कुटून काढलेला. तो दगड अफगाणिस्तानातून यायचा आणि हा निळा त्या काळातल्या सगळ्यात महागड्या रंगांपैकी होता. युरोपातले चित्रकार तो येशूच्या आईच्या वस्त्रासाठी राखून ठेवायचे. व्हर्मीरने तो मोलकरणीच्या कमरेला बांधला.

निळा रंग काय असतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून या चित्रापाशी आम्ही थांबलो.

त्याच्याही शंभर वर्षं आधी, १५६५ साली, पीटर ब्रूगेल या फ्लेमिश चित्रकाराने कापणीचं चित्र काढलं. पिवळ्याधमक शेतात काही माणसं कापणी करतायत, काही झाडाखाली बसून खातायत, आणि एक गडी पाय फाकून सरळ आडवा झालाय, गाढ झोपलाय. भातकापणीच्या दिवसांत दुपारी आपल्या मळ्यांच्या कडेला हेच चित्र दिसतं. तो झोपलेला गडी आपला चुलता वाटतो.

अशी चित्रं तिकडे हजारोंनी निघाली. शिंप्याचं दुकान, धाग्याची लेस विणणारी बाई, मुलीच्या डोक्यातल्या उवा काढणारी आई, मासळी विकणारी, गुत्त्यात पत्ते कुटणारे. रोजचं जगणं हाच चित्राचा विषय.

गिऱ्हाईक बदललं की चित्र बदलतं

आता हुरळून जायची गरज नाही. गोरे लोक फार समतावादी होते म्हणून त्यांनी मोलकरीण रंगवली, असं कोणी म्हटलं तर ते खोटं आहे. कारण साधं आहे आणि ते पैशाशी जोडलेलं आहे.

डच प्रांतांत प्रॉटेस्टंट पंथ आला. १५६६ साली तिकडच्या चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रांची मोठी मोडतोड झाली आणि पुढे नव्या पंथाच्या चर्चच्या भिंती पांढऱ्या राहिल्या. चित्रकाराचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं. राजदरबारही फारसा उरला नव्हता. मग चित्रकाराने माल कुठे विकायचा? बाजारात, जत्रेत, शहरातल्या घरांत. पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी, जो आपल्या सुरत-आग्र्यालाही राहून गेला होता, १६४० मध्ये आम्स्टरडॅमला गेला. त्याने लिहून ठेवलंय की तिथे खाटीक आणि पाववाले दुकानात चित्रं लावतात, लोहाराच्या भात्याजवळ आणि चांभाराच्या ठेल्यातसुद्धा एखादं चित्र असतं. चांभाराच्या ठेल्यात चित्र! विकत घेणारा कष्टकरी आणि दुकानदार असेल, तर तो आपल्या ओळखीचं जग बघायला मागणार. गिऱ्हाईक बदललं, म्हणून चित्रातली माणसं बदलली. हा धडा लक्षात ठेवा, शेवटी त्याचं काम आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या उजळ स्वयंपाकघरांतली सुबत्ता कुठून आली? त्यातला मोठा वाटा समुद्रापलीकडच्या व्यापारातून आला. १६२१ साली याच डच कंपनीने जायफळासाठी बांदा बेटांवरच्या हजारो लोकांची कत्तल केली. आपल्या सावंतवाडी तालुक्यातलं बांदा नव्हे, इंडोनेशियातली बांदा बेटं. भारताच्या किनाऱ्यांवरून माणसं गुलाम म्हणून विकत घेऊन याच कंपनीची जहाजं गेली. त्या माणसांचं रोजचं जगणं कोणत्या चित्रकाराने तितक्या मायेने काढलं? ब्राझीलमधल्या ऊसमळ्यांची चित्रं फ्रान्स पोस्टने काढली. त्यात गुलाम आहेत, पण निसर्गदेखाव्यातल्या झाडांसारखे.

खुद्द त्यांच्या शेतकऱ्याचीही गंमत बघा. ब्राउवर, ओस्टाडे यांच्या कित्येक चित्रांत खेडूत दारू पितो, मारामारी करतो, वेडीवाकडी तोंडं करतो. ती चित्रं घेणारे शहरातले खाऊनपिऊन सुखी लोक त्याला हसायचे. निकोलास मास याने १६५५ साली ओट्याशी डुलकी काढणारी मोलकरीण काढली आणि शेजारी मालकीण उभी केली, बघा ही कशी आळशी, असं आपल्यालाच दाखवणारी. म्हणजे गरीब माणूस चित्रात आला की त्याला न्याय मिळाला, असं होत नाही. बघणारा डोळा कोणाचा आणि हसणारं तोंड कोणाचं, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे काय झालं?

आता घरी या. आपल्या जिल्ह्याला कलेची मोठी परंपरा आहे असं प्रत्येक पर्यटन पत्रकात छापलेलं असतं. आहेच. सावंतवाडीची गंजिफा घ्या. गोल पत्ते, लाखेचं काम, हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफेत १२० पत्ते असतात, दहा अवतारांचे बारा-बारा. प्रत्येक अवताराचा एक राजा आणि एक प्रधान. अवतार, राजा, प्रधान यांत पत्त्यांचं जग संपलं. त्या जगात नांगर धरणारा नाही, कावड वाहणारा नाही. डच चित्रात माणसं पत्ते खेळताना दिसतात, आपल्याकडे पत्त्यावर देव बसतो आणि खेळणारा माणूस चित्राबाहेर राहतो. आणि दशावतारांच्या यादीत नववा म्हणून कोणाला बसवतात? बुद्धाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बावीस प्रतिज्ञांमधली पाचवी प्रतिज्ञा बाबासाहेबांनी का दिली, हे इथे कळतं. चित्रातून बाहेर ठेवणं हा एक मार्ग असतो आणि चित्रात घेऊन गिळून टाकणं हा दुसरा.

कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी घ्या. ठाकर आदिवासी समाजाने पिढ्यान् पिढ्या ही कला जिवंत ठेवली. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण जुन्या पोथ्या उघडा. हात आदिवासीचा, रंग आदिवासीचा, आवाज आदिवासीचा. चित्रात कोण? राम, रावण, पांडव. ठाकरांची खोपी, त्यांचं रान, त्यांची भूक त्या पोथ्यांत शोधून काढा. दोष चित्रकाराचा नाही. आश्रय संस्थानाचा आणि देवळाचा होता, आणि गिऱ्हाईक मागेल तीच कथा सांगावी लागते.

मग इंग्रज आले आणि आपली माणसं चित्रात आली. कशी आली? जातीच्या तक्त्यात. कंपनीच्या साहेबांसाठी देशी चित्रकारांनी जोड्या काढल्या: नवरा-बायको, हातात धंद्याचं हत्यार, खाली जातीचं नाव. कुंभार, तेली, चांभार, भंगी. मागे कोरी जागा. घर नाही, चूल नाही, शेजार नाही. व्हर्मीरच्या मोलकरणीच्या मागे खिळा दिसतो, आपल्या माणसाच्या मागे फक्त जात. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून तयार झालेले धुरंधर फार मोठे रेखाटनकार. त्यांनी रस्त्यावरची माणसं खूप काढली. पण ऑटो रॉथफेल्डच्या १९२० सालच्या स्त्रियांवरच्या इंग्रजी पुस्तकासाठी काढलेल्या त्यांच्या चित्रांतही बाई बहुधा जात, धर्म किंवा प्रांत यांचा नमुना म्हणून उभी असते. आणि घराघरांत पोचलं काय? १८९४ साली सुरू झालेल्या रवि वर्मा छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वती. त्या लक्ष्मीचा चेहरा आपल्या आज्यांच्या घरातही लागला, आणि त्या चेहऱ्यात आपली आजी कुठेच नव्हती.

महाराष्ट्रात रोजच्या जगण्याचं चित्र खऱ्या अर्थाने कोणी जपलं? डहाणू-तलासरीच्या वारल्यांनी. पेरणी, कापणी, विहीर, तारपा नाच, सगळं भिंतीवर. जिव्या सोमा मशे यांनी ते जगभर नेलं. ज्यांना रानटी म्हटलं, त्यांनी माणसाचं जगणं रंगवलं. ज्यांनी स्वतःला सुसंस्कृत म्हटलं, ते देव आणि राजे रंगवत बसले.

सुपाचा विटाळ नाही, हाताचा आहे

कोकणात पूर्वाश्रमीच्या महार समाजाने पिढ्यान् पिढ्या बांबूकाम केलं. सूप, रोवळी, टोपली, परडी, इरलं. गावातला तांदूळ पाखडला जायचा आमच्या सुपात. पावसात लावणीला वाकलेल्या पाठी झाकल्या आमच्या इरल्यांनी. लग्नात सूप लागतं, बारशाला सूप लागतं. आमच्या वाडीतले म्हातारे सांगतात, सूप घरात घेण्याआधी त्याच्यावर पाणी शिंपडायचे, आणि विणणारीला खळ्याच्या खाली उभं ठेवायचे. पैसे वरून टाकायचे.

बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये दाखवून दिलं की जात नुसती कामं वाटत नाही, ती काम करणारी माणसंच एकमेकांपासून तोडते आणि त्यांची उतरंड लावते. आम्ही त्यात इतकंच जोडतो की जात वस्तूलाही तिच्या कर्त्यापासून तोडते. वस्तू स्वयंपाकघरात जाते, कर्ता वाडीत परत जातो. रिसॉर्टची भिंत तेच करते. तिथे आता पाणी शिंपडत नाहीत, बैलगाडी काढतात.

आता आक्षेप येतील, ते आम्हाला पाठ आहेत.

पहिला: “कलेत जात कशाला आणता? कला वैश्विक असते.” आम्ही जात आणलेली नाही. म्हातारी पुसली तेव्हा ती आधीच तिथे होती. आणि वैश्विक म्हणजे काय? ती डच मोलकरीण सगळ्या जगाची झाली, कारण ती त्याच स्वयंपाकघरातली, त्याच खिळ्याच्या भिंतीसमोरची आहे. आमच्या आजीला पुसून जी बैलगाडी येते ती कुठलीच नसते. ती कॅलेंडरची असते.

दुसरा: “तुम्ही गरिबीचं प्रदर्शन मांडता.” गरिबीचं प्रदर्शन कोण मांडतं? जो बाहेरून येतो, फोटो काढतो आणि नाव न विचारता जातो तो. सूप विणणं ही गरिबी नाही, कसब आहे. बांबू किती कोवळा हवा, कांबटी किती पातळ, काठ कसा बांधायचा, हे शिकायला वर्षं जातात. कसबाला गरिबी म्हणणं हीच जातीची नजर. पण त्याचबरोबर हेही स्पष्ट करतो: आम्हाला गावगाड्याचे गोडवे गायचे नाहीत. पोरांनी सूपच विणावं असं आमचं मुळीच म्हणणं नाही. पोरं इंजिनियर होऊ देत. आजीचं कसब चित्रात हवं आणि नातीची डिग्रीही चित्रात हवी.

तिसरा, आपल्याच कार्यकर्त्यांचा: “अत्याचार होतायत, शिष्यवृत्त्या अडल्यात, आणि तुम्हाला चित्रं सुचतात?” मित्रांनो, १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. का? तर जमीन कसणारा कागदावर दिसत नव्हता, कागदावर खोत होता. शेतात राबणारा एक आणि सात-बारावर नाव दुसऱ्याचं, ही लढाई आपण ओळखतो. आज किनाऱ्यावर पर्यटनाचा पैसा येतोय. ‘अस्सल कोकण’ या चित्रात जो दिसेल त्याला स्टॉल, त्याला होमस्टे, त्याला महोत्सवाचं आमंत्रण. जो दिसणार नाही, त्याला भांडी घासायचं काम. चित्र हाही एक उतारा आहे आणि त्यावर आपलं नाव लागलेलं नाही.

आता आपल्याकडेच बोट

पुसलेल्या आजीची गोष्ट इथे संपत नाही. तो पोरगा चिडून घरी गेला आणि म्हणाला, भिंतीवर नाही तर कागदावर काढतो. आजीला म्हणाला, बस पडवीत. आजी काय म्हणाली?

“माझा चित्र कित्याक काढतंस? बाबासायबांचा काढ.”

आम्ही हसलो आणि मग गप्प झालो. कारण आपल्या विहारांच्या भिंती आठवल्या. बुद्ध, बाबासाहेब, फुले, सावित्रीमाई, शाहू महाराज, रमाई. असायलाच हवेत. पण त्यांच्याखाली बसून वंदना घेणाऱ्या आपल्या माणसांचं एक तरी चित्र कोणत्या विहारात आहे? तरवा काढणारी आई, मुंबईच्या गिरणीतून गणपतीला नव्हे तर जयंतीला गावी येणारा बाप, कंदिलाखाली अभ्यास करणारी बहीण, मयताच्या घरी भाकऱ्या थापणाऱ्या शेजारणी, यांना आपणही भिंत दिलेली नाही. मालकाने म्हातारी पुसली. आपण ती काढलीच नव्हती.

शब्दांत आपण हे काम केलंय आणि असं केलंय की मराठी साहित्याचा चेहरा बदलला. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिलं. आपल्या कोकणातल्या उर्मिलाताई पवारांनी तर आपल्या आत्मकथनाचं नावच ‘आयदान’ ठेवलं, बांबूच्या विणकामावरून. पुस्तकाच्या नावात आईचं सूप आलं. मग भिंतीवर का येत नाही? चित्रांत सुरुवात झालेली आहे. नागपूरचे सवि सावरकर यांनी गळ्यातलं मडकं आणि कमरेचा झाडू रंगवून प्रस्थापितांची झोप उडवली. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं जगणं कॅमेऱ्यात पकडलं. विक्रांत भिसे चळवळीचा इतिहास कॅनव्हासवर आणतायत. पण ही कामं गॅलरीत दिसतात. वाडीत पोचत नाहीत.

तर करायचं काय?

गिऱ्हाईक बदललं की चित्र बदलतं, असं वर म्हटलं ते आता आठवा. आपल्याला देऊळ नको, संस्थान नको, रिसॉर्टवालाही नको. आपलं गिऱ्हाईक आपणच आहोत. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जी पुस्तकं, कॅलेंडरं, फोटो विकले जातात, तशी खरेदी कुठल्या साहित्य संमेलनात होते? उपाशी राहून पुस्तक विकत घेणारा आपला समाज आहे. आम्स्टरडॅमच्या चांभाराने ठेल्यात चित्र लावलं, त्याला पावणेचारशे-चारशे वर्षं होत आली. आपला बाप सहा डिसेंबरला फोटो विकत घेऊन छातीशी धरून रेल्वेत बसतो, तोही तसाच गिऱ्हाईक आहे. त्याच्यापुढे दुसरं चित्रही ठेवा.

म्हणून आम्ही ठरवलंय. पुढच्या जयंतीला डीजेच्या वर्गणीतला एक भाग बाजूला काढायचा. वाडीतल्या ज्या पोरापोरींचा हात चालतो त्यांना रंग-कागद आणून द्यायचे आणि मजुरीही द्यायची, फुकट राबवायचं नाही. प्रत्येकाने आपल्याच घरातलं एक माणूस त्याच्या कामासकट काढायचं. खाली जात लिहायची नाही, नाव लिहायचं, त्या माणसाला विचारून. ती चित्रं विहारात लावायची, बाबासाहेबांच्या फोटोच्या समोरच्या भिंतीवर, म्हणजे बाबासाहेबांची नजर आपल्या माणसांवर राहील. त्यातली काही छापून सहा डिसेंबरला न्यायची. तुमच्या वाडीतही हे करता येईल. कोणाची परवानगी लागत नाही.

बाबासाहेबांनाही चित्रकलेची ओढ होती, उतारवयात त्यांनी हातात ब्रश घेतला होता. अंगावर एवढी कामं असताना ज्या माणसाला चित्र काढावंसं वाटलं, त्याच्या लेकरांनी चित्राला फालतू म्हणू नये.

आजीला आम्ही परत विचारलं. नाही-हो करत ती बसली. एक अट घातली: हातातलं सूप अर्धं दाखवायचं नाही. म्हणाली, लोक म्हणतील हिला पुरं करता येत नाही. पोरगा थांबला. तिने काठ बांधला, सूप पुरं केलं, उभं धरलं, आणि मग म्हणाली, “आता काढ.”

जय भीम. नमो बुद्धाय.